भुलीची औषधे आणि रक्तातील प्रथिने

शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून दिले जाणारे प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे दिसणारे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते सोयाबीन तेलाच्या सूक्ष्म थेंबांत मिसळून तयार केले जाते. रक्तात उतरल्यावर त्याचे ९७ ते ९९ टक्के रेणू प्रथिनांना आणि तांबड्या पेशींना चिकटतात. उरलेले एक ते तीन टक्के मुक्त रेणूच रक्तवाहिनीची भिंत ओलांडून मेंदूत शिरतात आणि रुग्णाची शुद्ध हरपते ती त्यांच्यामुळेच.

या बंधनात मुख्य वाटा अल्ब्युमिनचा असतो. यकृतात तयार होणारे हे प्रथिन १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ३.५ ते ५ ग्रॅम असते आणि त्याच्या घडीदार रचनेत पाण्यापासून फटकून राहणाऱ्या रेणूंना सामावून घेणाऱ्या खोबणी असतात. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण स्फटिक अभ्यासात प्रोपोफॉल अल्ब्युमिनमधल्या अशा दोन ठिकाणी बसलेले आढळले. हे बंधन पक्के नसते. मुक्त रेणू ऊतींमध्ये गेले किंवा यकृताने त्यांचा निचरा केला, की बांधलेल्यांपैकी काही सुटून त्यांची जागा घेतात.

जागा बधिर करणारी औषधे मात्र प्रामुख्याने दुसऱ्या प्रथिनाला, म्हणजे अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीनला, बांधली जातात. त्यांपैकी ब्युपिव्हॅकेनचे सुमारे ९५ टक्के, तर लिग्नोकेनचे ६५ ते ७० टक्के रेणू अशा प्रकारे अडकलेले असतात. शरीराला इजा झाली की या प्रथिनाचे प्रमाण वाढते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पाठीतल्या एपिड्युरल नळीतून ब्युपिव्हॅकेन सलग काही दिवस चालू असेल, तर रक्तातली त्याची एकूण पातळी चढत जाते, पण मुक्त पातळी त्या प्रमाणात वाढत नाही, आणि म्हणून केवळ एकूण आकडा पाहणाऱ्याला धोका आहे त्याहून मोठा वाटू शकतो. नवजात बालकांत हेच प्रथिन कमी असल्याने परिस्थिती उलट होते. तेवढ्याच एकूण पातळीला मुक्त औषध अधिक राहते, हृदय आणि मेंदूवर विषारी परिणाम होण्याची शक्यता वाढते, म्हणून त्यांच्यासाठी मात्रेची मर्यादा कसोशीने पाळावी लागते.

यकृताचा सिरोसिस, मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाण्याचा विकार, मोठी भाजण्याची जखम किंवा कुपोषण यांमुळे अल्ब्युमिन घटते. बंधन ९८ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर आले, तर मुक्त भाग दोनावरून चार टक्के, म्हणजे दुप्पट होतो. मात्र याचा अर्थ परिणामही कायम दुप्पट राहतो असा नाही, कारण सुटलेले बरेचसे औषध चरबी आणि स्नायूंमध्ये पसरते, शिवाय अनेक औषधांच्या बाबतीत यकृत वाढलेल्या मुक्त भागाचा निचराही वाढवते. धोका खरा असतो तो औषध शिरेतून झपाट्याने दिले जाते तेव्हा, कारण या समायोजनाला पुरेसा अवधी मिळण्याआधीच मुक्त रेणू मेंदूवर आणि रक्ताभिसरणावर परिणाम करतात आणि अशक्त रुग्णाचा रक्तदाब एकाएकी खाली येऊ शकतो.

याच कारणाने भूलतज्ज्ञ केवळ वजनावरून ठरलेली मात्रा एकदम देत नाहीत. यकृत आणि मूत्रपिंडाचे जुने आजार व चालू औषधे विचारून घेतात आणि वृद्ध किंवा अशक्त रुग्णाला औषध थोडे थोडे देत, रक्तदाब, श्वास आणि शुद्धीचा अंदाज घेत पुढची मात्रा ठरवतात. रुग्णाने आपला एखादा जुना विकार किरकोळ समजून सांगायचा टाळला, तर या निर्णयाचा एक महत्त्वाचा आधारच निघून जातो. म्हणून भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत ही माहिती पूर्णपणे देणे हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.