बारा सागरी मैल

६ मे २०२१ च्या सकाळी फ्रान्सच्या सुमारे ६० मच्छीमार बोटींनी ब्रिटिश राजसत्तेखालच्या जर्सी बेटाचं सेंट हेलियर बंदर अडवलं. ब्रिटनने ‘सेव्हर्न’ आणि ‘टामार’ ही नौदलाची दोन जहाजं तिकडे धाडली. फ्रान्सनेही गस्तीची दोन जहाजं पाण्यात उतरवली. दोनच दिवस आधी फ्रान्सच्या सागरी मंत्री आनिक जिरार्दँ यांनी संसदेत जर्सीची वीज तोडण्याची भाषा केली होती. ती पोकळ धमकी नव्हती, कारण या बेटाची जवळजवळ ९५ टक्के वीज फ्रान्समधून समुद्राखालच्या केबलने येते. आणि एवढा सगळा पसारा कशासाठी? ४१ बोटींच्या परवान्यांत घातलेल्या अटींसाठी. कोणत्या बोटीने वर्षात किती दिवस आणि कोणत्या जाळ्याने मासे धरायचे, एवढाच वाद.

जर्सीचं क्षेत्रफळ सुमारे ११८ चौरस किलोमीटर. १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेल्या आपल्या पनवेल महानगरपालिकेचं ११०. खांदा कॉलनी, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर आणि जुनं पनवेल एकत्र धरलं की जर्सी जवळपास आटोपलंच. माणसं मात्र तिथे २०२१ मध्ये १ लाख ३ हजार होती, आणि आपल्या महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेतच ५ लाख ९ हजार भरली. पनवेलच्या पाचव्या हिश्शाइतक्या वस्तीचं बेट, त्याच्या भोवतालचं पाणी, आणि त्यासाठी दोन अण्वस्त्रधारी देशांची सरकारी जहाजं समोरासमोर.

बरं, पैशाचं म्हणावं तर ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा हजारात एकाहूनही कमी आहे. समुद्रावर जाणारे मच्छीमार तेव्हा सगळ्या देशात मिळून बारा हजारांच्या आसपास होते. तरीही ब्रेक्झिटच्या वाटाघाटी शेवटपर्यंत ज्या मोजक्या मुद्द्यांवर अडून राहिल्या, त्यांत मासळी होती. २४ डिसेंबर २०२० ला, नाताळच्या आदल्या दिवशी, करार जमला. युरोपीय बोटी ब्रिटनच्या पाण्यात जी मासळी धरत होत्या, तिच्या किमतीतला २५ टक्के हिस्सा साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्याने सोडायचा, असं ठरलं. मे २०२५ मध्ये लंडनला पुन्हा बैठक झाली आणि युरोपीय बोटींना ब्रिटनच्या पाण्यात येण्याची मुभा ३० जून २०३८ पर्यंत वाढवून मिळाली.

या सगळ्या भांडणात एक आकडा सारखा येतो, बारा सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, म्हणून बारा मैल म्हणजे सव्वाबावीस किलोमीटरला थोडे कमी. जर्सीपासून फ्रान्सचा किनारा जिथे सर्वांत जवळ येतो, तिथे अंतर जवळपास तेवढंच, २२ किलोमीटर. आपल्याकडच्या माणसाला हे अंतर नकाशावर शोधायची गरज नाही. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे. शिवडीहून गाडी निघून चिर्ल्याला उतरली की बारा सागरी मैल पुरे झाले असं धरायला हरकत नाही. किनाऱ्यावरच्या देशाची किंवा राज्याची सत्ता समुद्रात कुठवर पोहोचते, तर गाडीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात तिथवर.

ही रेघ कायम इथेच नव्हती. आइसलंडने आपली मासेमारीची हद्द आधी ४ मैल ठेवली, १९५८ मध्ये १२ केली, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २००. या तिन्ही वाढींच्या वेळी ब्रिटनचे ट्रॉलर हद्दीच्या आत घुसले आणि त्यांच्या रक्षणासाठी ब्रिटिश युद्धनौका आल्या. आइसलंडची वस्ती तेव्हा सुमारे सव्वादोन लाख, ब्रिटनची साडेपाच कोटींच्या वर. जिंकलं आइसलंड. जून १९७६ च्या समझोत्यात ब्रिटनने एका वेळी फक्त २४ ट्रॉलर आत पाठवायचं मान्य केलं. ब्रिटनच्या एका पिढीने दुसऱ्याच्या पाण्यात शिरण्यासाठी युद्धनौका पाठवल्या आणि पुढच्या पिढीने आपलं पाणी राखण्यासाठी. मला यात दुटप्पीपणापेक्षा दुसरं काही दिसतं. मासे आपल्या दारातून जातात आणि दुसराच कुणी ते घेऊन जातो, ही सल किती खोल जाते, ते दिसतं. टक्केवारीत मोजून ती कळत नाही.

त्याच १९७६ साली भारतानेही कायदा करून २०० सागरी मैलांवर हक्क सांगितला. २०० मैल म्हणजे ३७० किलोमीटर. खांदा कॉलनीतून पूर्वेकडे सरळ रेघ ओढली तर ती साधारण लातूरला जाऊन थांबेल. जमिनीवर जेवढं लातूर लांब, तेवढा पश्चिमेला भर समुद्र आपला. सगळ्या देशाचा मिळून हा पाण्याचा पट्टा २० लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे. त्यातले पहिले १२ मैल राज्याचे, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली, आणि पुढचं सगळं केंद्राचं.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं पाणी किती, हे काढताना आधी किनारा मोजावा लागतो, आणि किनारा ही मोजायला फार फसवी वस्तू आहे. पालघरच्या झाईपासून सिंधुदुर्गच्या रेडीपर्यंत सरळ रेघ धरली तर जेमतेम ५०० किलोमीटर. शाळेत आपण पाठ केलेला आकडा ७२०. केंद्राच्या अलीकडच्या फेरमोजणीत तो ८७७.९७ झाला. किनारा तसूभरही वाढलेला नाही. मोजपट्टी बारीक झाली, म्हणून खाड्यांची वळणं आणि मुखं हिशेबात आली. खोल पाण्यातल्या हद्दीसाठी सरळ रेघच खरी, म्हणून ५०० गुणिले २२, म्हणजे सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर. रायगड जिल्ह्याच्या दीडपट. एवढ्या पाण्यावर कुंपण नाही, दगड नाही, चौकी नाही.

या ११ हजारांत काय चालतं ते सिंधुदुर्गात जाऊन विचारावं. कर्नाटकातल्या मलपीहून हायस्पीड ट्रॉलर तीनशेहून जास्त किलोमीटर कापून मालवण-देवगडसमोर येतात. ताफ्याने येतात, रात्री येतात, आणि जोरदार इंजिनांमुळे गस्तीनौका पोहोचेपर्यंत निघून गेलेले असतात. वाटेत स्थानिकांची टाकलेली जाळी सापडली तर ती फाटतात. मालवणच्या मच्छीमारांनी स्वतः पाठलाग करून परप्रांतीय ट्रॉलर पकडून आणल्याच्याही घटना झाल्या. भर समुद्रात, अंधारात, फायबरच्या लहान होड्या घेऊन पोलादी ट्रॉलरच्या आडवं जायचं. सेंट हेलियरपुढे जे झालं ते जगभरच्या वाहिन्यांनी दाखवलं. मालवणसमोरचं जिल्हा आवृत्तीच्या बाहेर क्वचित येतं.

आणि सगळे परके बाहेरचेच असतात असंही नाही. पालघरच्या समुद्रातच वसई-उत्तनकडच्या डोलकरांच्या कवी उत्तरेकडे किती पुढे रोवायच्या, यावरून सातपाटी-डहाणूच्या दालदावाल्यांशी वर्षानुवर्षं तंटा आहे. कव म्हणजे जाळं बांधायला समुद्राच्या तळात ठोकलेला खांब. कवींच्या रांगा लागल्या की दालदा, म्हणजे वाहतं जाळं, सोडायला जागाच उरत नाही. ज्या पापलेटसाठी सातपाटी नाव कमावून आहे, तोच २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला.

खरा विस्मय वाटतो तो जाळ्याच्या मापांनी. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीन, म्हणजे थव्याला घेर घालणाऱ्या जाळ्याच्या मासेमारीवर निर्बंध घातले. परवाने कमी करत शेवटी १८२ वर आणायचे, मोसम सप्टेंबर ते डिसेंबर, जाळं जास्तीत जास्त ५०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद, आस, म्हणजे जाळ्याचं भोक, २५ मिलिमीटरहून लहान नको. आता हे कायदेशीर, आटोक्यात आणलेलं जाळं पाण्यात गोल फिरवून पाहू. घेर ५०० मीटर, म्हणजे आतली जागा सुमारे पाच एकर. खोली ४० मीटर, म्हणजे बावीस वाव. घेर पुरा झाला त्या क्षणी आत सुमारे ८० कोटी लिटर पाणी असतं. मुंबई महापालिका सगळ्या शहराला दिवसाला जेमतेम ४०० कोटी लिटरच्या आसपास पाणी पुरवते, त्याचा पाचवा हिस्सा एका बोटीच्या एका घेरात. शिवाय उत्तर कोकणात बारा मैलांच्या आत बऱ्याच ठिकाणी समुद्र बावीस वाव खोलच नाही. जाळं तळाला टेकतं आणि वरपासून खालपर्यंत निसटायला वाट राहत नाही.

पाच एकर म्हणजे ११ हजार चौरस किलोमीटरांत काहीच नाही, असं कुणी म्हणेल. हिशेब बरोबर आहे, समज चुकीची आहे. मासळी समुद्रात सारखी पसरलेली नसते, ती थव्याने हिंडते. त्यात एलईडीचे प्रखर दिवे पाण्यावर सोडले की लांबलांबची मासळी उजेडाकडे गोळा होते. मग समुद्र शोधत हिंडायचं कामच उरत नाही, समुद्र पाच एकरांत चालून येतो. म्हणूनच केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली आणि राज्याने २०२१ मध्ये कायदा कडक करून दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत नेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही उडू लागले. हे सगळं हवंच होतं, आणि दहा वर्षं आधी हवं होतं.

कारण २०१९ चा आकडा समोर आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीत त्या वर्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी २ लाख १ हजार टन भरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. लागोपाठच्या वादळांनी त्या वर्षी बोटी बंदरातच अडकल्या हे खरं, पण सगळा दोष वाऱ्याचा नाही. २ लाख १ हजार टन म्हणजे महाराष्ट्रातल्या माणशी वर्षाला दीड-पावणेदोन किलो. आणि यावर जगणारे किती? याच संस्थेच्या २०१० च्या गणनेत ४५६ गावं, ८१ हजारांवर कुटुंबं, ३ लाख ८६ हजार माणसं. ब्रिटनच्या बारा हजार मच्छीमारांसाठी पंतप्रधान रात्र-रात्र जागले. आपल्या ८१ हजार घरांचा प्रश्न एका खात्यातून दुसऱ्या खात्याकडे जात राहतो.

खांदा कॉलनीतून समुद्र दिसत नाही, पण खाडी जवळ आहे. पनवेलची खाडी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातल्या बिळांतून निवट्या काढतात, चिंबोऱ्या धरतात, पाग टाकून बोयटं आणि कोळंबी आणतात. सकाळी पाटी घेऊन सेक्टरात येणारी कोळीण इमारतीखाली बसते, ओल्या फडक्याखालचे वाटे उघडते. निवट्या अजून वळवळत असतात, चिंबोऱ्यांच्या नांग्या सुंभाने बांधलेल्या असतात. “खारीची हाय, ताय,” एवढंच ती सांगते. भाव विचारायच्या आधी गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. या मासेमारीला बारा मैल लागत नाहीत, बारा फूट पाणीही पुष्कळ झालं. पण भरती-ओहोटी मोकळी लागते आणि खारफुटी लागते, कारण माशांची पिल्लं तिथे वाढतात.

खाडीवाल्याच्या पाण्यात परका ट्रॉलर घुसत नाही. त्याचं पाणीच भरावाखाली जातं. २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला. तिथल्या २५६ कुटुंबांना हनुमान कोळीवाडा म्हणून जी जागा दिली, तिथली घरं वाळवीने पोखरली. पुढे बंदर वाढलं, भराव वाढले, विमानतळ आला, सेतू आला. मी या सोयी रोज वापरते आणि त्या नकोत असं म्हणत नाही. पण ज्याचं पाणी गेलं त्याला काय मिळालं, हा हिशेबही आकड्यांतच मांडायला हवा.

तो एकदा मांडला गेला. उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांतल्या पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ ला लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये देण्याचा आदेश दिला. त्यात न्हावा-शेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीटीचा वाटा ७० टक्के, ओएनजीसीचा २० आणि सिडकोचा १०. मासेमारीचा हक्क सातबाऱ्यावर नसला तरी तो बुडाला तर भरपाई द्यावी लागते, हे त्या आदेशाने मान्य केलं. माझ्या मते कोकणच्या किनाऱ्यासाठी हा फार मोठा निर्णय होता.

रक्कमही मोठी वाटते. ती १,६३० ने भागली की एका कुटुंबाला बरोबर ५ लाख ८४ हजार येतात, मागे काहीच उरत नाही. दिवसाची कमाई ८०० रुपये धरली तर हे ७३० दिवसांचे पैसे होतात, एकही दिवस न चुकवता नेमके दोन वर्षांचे. अटल सेतूवर १७,८४० कोटी खर्च झाले, म्हणजे सगळ्या कोळीवाड्यांची मिळून ठरलेली भरपाई त्याच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. फ्रान्सच्या बोटीला ब्रिटनच्या पाण्यातले आपले दिवस २०३८ च्या जूनपर्यंत लिहून मिळाले आहेत. गव्हाणच्या होडीच्या वाट्याला आले ते ७३०, आणि तेही पाणी गेल्यानंतर.