कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी की नको? रिपोर्टातला आकडा आणि शेकडेवारीचं गणित



वय चाळिशीकडे झुकलं की घरात एक कागद हमखास येतो, लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट. त्यात एखादा आकडा ठळक छापलेला असतो. डॉक्टर म्हणतात, "गोळी सुरू करूया." आणि मग घरात चर्चा सुरू होते. आमच्या मालवणाकडे ती साधारण दोन वाक्यांत होते. एक, "माका कायच होणा नाय, मगे गोळी कित्याक?" आणि दुसरं, "एकदा गोळी सुरू झाली काय, जल्मभर घेवक लागता!"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं देताना बहुतेकजण फक्त कोलेस्टेरॉलच्या आकड्याकडे बघतात आणि तिथेच गल्लत होते. गोळी घ्यायची की नाही हे मुख्यतः त्या माणसाला हृदयविकाराचा धोका किती आहे यावर ठरतं. कोलेस्टेरॉलचा आकडा हा त्या धोक्याचा एक भाग. हे समजायला आपण वर्गात शिकवतो ती शेकडेवारी पुरेशी आहे. चला, पायरीपायरीने बघूया.

रिपोर्ट कसा वाचायचा?

कोलेस्टेरॉल हा शरीराला लागणारा मेणासारखा पदार्थ आहे. पेशींची आवरणं, काही संप्रेरकं आणि पित्त तयार करायला तो लागतो. त्यातला बराचसा आपलं यकृत स्वतःच बनवतं. तो रक्तातून वाहून नेणारे जे कण असतात त्यांतले एलडीएल कण जास्त झाले, की ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचतात. वर्षानुवर्षं हा थर वाढत जातो. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बनते आणि झटका येतो. म्हणून "मला काही होत नाही" हा इथे पुरावा ठरत नाही.

बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. समजा एकूण २२८, एचडीएल ४२ आणि ट्रायग्लिसराइड १८०. मग २२८ − ४२ − ३६ = १५०. हे झालं एलडीएल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही.

आता हा एलडीएलचा आकडा चांगला की वाईट? कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार कमी धोका असलेल्यांचं एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा जास्त धोका असलेल्यांचं ७० च्या खाली, आणि ज्यांना झटका येऊन गेला आहे अशांचं ५५ च्या खाली असावं. म्हणजे १२० हा आकडा एकासाठी थोडासा वर, तर दुसऱ्यासाठी दुपटीहून जास्त. रिपोर्टवर मात्र दोघांच्याही समोर तीच छापील मर्यादा असते!

तीस टक्के म्हणजे किती?

कोलेस्टेरॉलच्या सर्वात प्रचलित गोळ्या स्टॅटिन या गटातल्या. ॲटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन ही नावं तुम्ही पाकिटावर वाचली असतील. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये एका बुरशीतून या गटातलं पहिलं द्रव्य शोधलं. यकृताचं कोलेस्टेरॉल बनवण्याचं काम ही गोळी मंदावते. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं आणि रक्तातला आकडा उतरतो.

"या गोळीने हृदयविकाराचा धोका तीस टक्के कमी होतो" असं वाक्य आपण ऐकतो. गणिताचा शिक्षक लगेच विचारेल, तीस टक्के कशाचे? दोन प्रत्यक्ष अभ्यास शेजारी ठेवून बघूया.

पहिला अभ्यास १९९४ साली स्कँडिनेव्हियात पूर्ण झाला. त्यात ४४४४ रुग्ण होते आणि सगळ्यांना आधीपासून हृदयविकार होता. सुमारे साडेपाच वर्षांत बनावट गोळी घेणाऱ्या दर १०० जणांपैकी २८ जणांना हृदयाचा मोठा त्रास झाला, म्हणजे झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू. खरी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ होतं. दर १०० मागे ९ जण वाचले. एकूण मृत्यूही २५६ वरून १८२ वर आले, आणि दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे होते.

दुसरा अभ्यास १९९५ सालचा, स्कॉटलंडमधला. त्यात ४५ ते ६४ वयाचे ६५९५ पुरुष होते. त्यांचं कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं होतं, सरासरी २७२, पण झटका कुणालाही येऊन गेलेला नव्हता. सुमारे पाच वर्षांत बनावट गोळीच्या गटात २४८ जणांना झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला, तर खऱ्या गोळीच्या गटात १७४ जणांना. शंभराच्या हिशोबात साधारण साडेसातवरून सव्वापाच. म्हणजे दर १०० मागे दोनेक जण वाचले.

दोन्हीकडे गोळीने धोका साधारण एक तृतीयांशाने उतरवला, पण एकीकडे शंभरात नऊ जणांचा फायदा झाला आणि दुसरीकडे दोघांचा. कारण मूळ धोकाच वेगळा होता. आता समजा एखाद्या निरोगी तिशीतल्या बाईचा धोका शंभरात एक इतकाच आहे. त्याचा एक तृतीयांश म्हणजे अर्धाही नाही. गोळी तीच असली तरी तिचा उपयोग माणसागणिक बदलतो तो असा.

मग कोणी घ्यावी?

हा हिशोब डोक्यात ठेवला की तीन गट आपोआप पडतात.

१) ज्यांच्याबाबत फारसा वाद नाही. झटका येऊन गेला आहे, स्टेंट किंवा बायपास झाली आहे, किंवा रक्तवाहिनीतल्या अडथळ्यामुळे अर्धांगवायू होऊन गेला आहे अशा व्यक्ती. ४० च्या पुढचे बहुतेक मधुमेही. आणि ज्यांचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे ते, कारण इतका आकडा बऱ्याचदा आनुवंशिक असतो. अशा घरात मुलांची आणि भावंडांचीही तपासणी करून घ्यायला हवी.

२) ज्यांनी डॉक्टरांशी बसून बोलायला हवं. वय ४० ते ७५, एलडीएल १३० ते १६० च्या घरात, सोबत रक्तदाब किंवा तंबाखू किंवा सुटलेलं पोट. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर पारडं गोळीकडे झुकतं.

३) ज्यांना सहसा घाई नाही. वय कमी, रक्तदाब-साखर ठीक, तंबाखू नाही, घराण्यात इतिहास नाही आणि आकडा किंचित वर. इथे आधी आहार-व्यायाम आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. थायरॉइड मंद असेल तरीही कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून ती तपासणी आधी करून घ्यावी.

गावात आशाताई ३० वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, आठवतंय? त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातला इतिहास विचारून गुण देतात. चारच्या वर गुण गेले की तपासणीला प्राधान्याने जायचं. गंमत म्हणजे त्या फॉर्मात कोलेस्टेरॉलचा आकडाच नाही! धोका ओळखायची सुरुवात रक्ताच्या रिपोर्टाआधीच होते.

आपण जास्त जागरूक का राहायचं?

५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दिसलं, की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत सुमारे ५९ व्या वर्षी. ५३ म्हणजे मुलं अजून शिकत असलेलं वय.

आणि आपल्या जिल्ह्याचं अंतर विसरू नका. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. तरी हृदयाच्या मोठ्या उपचारासाठी आपल्याकडचे कितीतरी रुग्ण आजही गोव्यात बांबोळीला जातात. मालवणहून ते शंभरावर किलोमीटर. झटक्यात मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. ज्याच्या घरापासून उपचार लांब, त्याला झटका आधीच टाळणं जास्त मोलाचं.

नारळ, मासे आणि आहाराची मर्यादा

"खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसतं" हे खरं आहे. कोणत्याच वनस्पतीत ते नावापुरतंच असतं. पण खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते, आणि ती खाल्ल्याने रक्तातलं एलडीएल वाढतं. २०२० मध्ये १६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सुमारे १० ने जास्त आढळलं.

नारळ सोडा म्हटलं तर मालवणी माणूस जेवणच सोडेल. तसं करायची गरज नाही. वाटपातलं खोबरं थोडं कमी करा, वडे-सागोती सणावारी ठेवा, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ रोजच्या चहाबरोबर नकोत. बांगडा, तारली हे तेलकट मासे चांगलेच, फक्त रोज रवा लावून तळण्याऐवजी तिखलं करा. कुळीथ, भाज्या, चालणं आणि तंबाखू बंद, हे गोळी घेणाऱ्यालाही चुकत नाही.

पण आहाराची ताकदही माहीत हवी. पथ्याने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं, गोळीने ३० ते ५० टक्के. १९० चा आकडा फक्त पथ्यावर १०० ला येत नाही. तसं झालं नाही म्हणून घरच्या माणसाला बोल लावू नका.

गोळीची भीती किती खरी?

स्नायू दुखणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. काहींना ती गोळीमुळेच होते, पण किती वेळा? लंडनमध्ये एक सुंदर प्रयोग झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या. चार खऱ्या गोळीच्या, चार बनावट गोळीच्या आणि चार रिकाम्या. एक महिना एक बाटली, आणि त्रासाची रोज नोंद. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाचे सरासरी गुण ८, बनावट गोळीत १५.४ आणि खऱ्या गोळीत १६.३! त्रास खोटा नव्हता, लोकांना तो खरंच जाणवत होता. पण त्यातला बहुतेक भाग गोळी घेतो आहोत या धास्तीतून येत होता.

साखरेची गोष्टही लपवायला नको. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता थोडी वाढते. २०१० च्या एका मोठ्या विश्लेषणानुसार २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जादा मधुमेह होतो. जास्त धोका असलेल्याला हा सौदा परवडतो. अगदी कमी धोका असलेल्याने मात्र विचार करावा.

अंग खूप दुखून लघवी गडद रंगाची झाली तर लगेच डॉक्टरांकडे जा. असं फार क्वचित होतं, पण माहीत असावं. दिवस राहिलेल्या किंवा त्या विचारात असलेल्या स्त्रियांनी आणि इतर गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं.

राहिला "जल्मभर"चा प्रश्न. गोळीची सवय लागत नाही. ती थांबवली तर एलडीएल पुन्हा मूळ जागी जातं, इतकंच. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसतं तसं. म्हणूनच स्टेंट किंवा झटक्यानंतर, मोबाइलवर आलेला एखादा संदेश वाचून मनाने गोळी बंद करणं सगळ्यात धोक्याचं आहे. त्रास होत असेल तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. खर्चाची अडचण असेल तर तेही बोला. ॲटोरवास्टॅटिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

- पुढच्या दहा वर्षांत माझा धोका शंभरात किती?
- गोळीने तो शंभरात किती होईल?
- माझं एलडीएल किती असायला हवं?
- आधी तीन महिने पथ्य करून बघणं माझ्या बाबतीत चालेल का?
- गोळी सुरू केल्यावर पुन्हा तपासणी कधी? (बहुधा ४ ते १२ आठवड्यांत करतात.)

वर्गासाठी उपक्रम

शेकडेवारी शिकवताना मुलांना १० × १० चौकटींचे दोन तक्ते आखायला द्या. पहिल्यात २८ चौकटी रंगवायच्या, मग त्यातल्या ९ पुसायच्या. दुसऱ्यात ७ रंगवून २ पुसायच्या. मग विचारा, "दोन्हीकडे साधारण तिसरा हिस्सा पुसला, तर फायदा सारखाच झाला का?" मुलं चौकटी मोजून सांगतात. तो कागद त्यांना घरी न्यायला सांगा. आजोबांची गोळी मध्येच बंद झाली असेल, किंवा बाबांचा रिपोर्ट कपाटात तसाच पडला असेल, तर निदान त्यावर घरात बोलणं होईल.