भीमथडीचे तट्टू आणि आपले रान



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खते आणि पाणी यांविषयी बोलतो. आज घोड्याविषयी दोन शब्द लिहिणार आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला घोड्याचे काय पडले, असे कोणी म्हणेल. पण हा विषय उसाच्या रानातच निघाला, म्हणून सांगतो.

गेल्या हंगामात एका सभासदाने खोडवा मोडून रानात मेंढ्या बसवल्या होत्या. मातीचा नमुना घ्यायला मी गेलो, तेव्हा बांधाला दोन बुटकी तट्टे चरत होती. वाड्यावरचे म्हातारे मेंढपाळ म्हणाले, "साहेब, तुम्ही शेतकीचं शिकलेलं. एक गिऱ्हाईक म्हणतंय, ह्या घोडीला उंच मारवाडी घोडा दाखवा, शिंगराला चांगला पैसा यील. दाखवू का?"

मी म्हणालो, "मामा, माहिती काढून सांगतो." ती माहिती आपल्यापुढेही ठेवतो.

बांधावरची ती तट्टे म्हणजे आपली भीमथडी जात. भीमेच्या काठावरची, म्हणून हे नाव. मराठ्यांच्या फौजेत दख्खनी तट्टांचे नाव होते. २०२३ साली राज्यगीत झालेल्या राजा बढे यांच्या गीतातही त्यांचा उल्लेख आहे. अंगाने लहान, खुराने टणक, मिळेल त्या चाऱ्यावर राहणारे हे जनावर. दिवाळीनंतर वाडे कोकणात उतरतात, तेव्हा भांडीकुंडी, वाघरा, नुकती जन्मलेली कोकरे, सगळे बिऱ्हाड त्याच्याच पाठीवर असते.

२०२३-२४ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याआधी मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि कच्छी-सिंधी अशा सातच जाती नोंदलेल्या होत्या. आपली आठवी.

आता जात वेगळी हे ठरवायचे कसे? नुसत्या रंगावरून आणि उंचीवरून फसगत होते. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या गुणांचा जणू सातबारा लिहिलेला असतो. त्याला डीएनए म्हणतात. रक्ताचा थेंब किंवा आयाळीचे मुळासकट उपटलेले केस तपासले, की हा सातबारा वाचता येतो. त्यातल्या ठरावीक खुणा दुसऱ्या जातींशी ताडून पाहतात. त्यावरून जातीचे वेगळेपण, कोणात किती सरमिसळ झाली आणि कोण कोणाचे नातलग हेही समजते.

यात उसाचा आणि घोड्याचा एक फरक ध्यानात घ्या. को ८६०३२ चे बेणे लावले, तर उगवणारा ऊस को ८६०३२ च असतो. घोड्याचे बेणे तोडून लावता येत नाही. शिंगरू निम्मे आईचे, निम्मे बापाचे. आपल्या घोडीला परजातीचा घोडा दाखवला, तर पहिल्या पिढीत आपली जात निम्मी उरते. तिच्या शिंगरालाही तसाच दाखवला, तर पाव. आणि तिसऱ्या खेपेला सुमारे साडेबारा टक्के. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच शिंगरू देते. गेलेले भरून काढायला पिढ्या लागतात.

दुसरा धोका उलट बाजूचा. वाड्यावर एकच घोडा राहिला, की तोच आपल्या लेकींना लागतो. मग अशक्तपणा आणि लपलेले दोष वर येतात. म्हणून घोडा जातीचा हवा, पण जवळच्या नात्यातला नको. हे नाते डीएनएवरून कळते. या संशोधनाचा खरा उपयोग इथे आहे.

पुढची सोयही झाली आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या बिकानेर येथील शाखेत २०२३ साली मारवाडी घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवून शिंगरू जन्माला घातले. वीर्य गोठवून ठेवण्याचे तंत्रही आहे. पण आधी जातिवंत जनावर तर जिवंत पाहिजे! देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडे-तट्टू सव्वासहा लाखांच्या घरात होते. २०१९ ला ते सुमारे ३ लाख ४० हजारांवर आले.

"जुनी जात ठेवून फायदा काय?" या प्रश्नाचे उत्तर उसातच आहे. कोइमतूरला जाड उसाचा रानटी उसाशी संकर करून को २०५ हा वाण काढला आणि १९१८ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. रानटी ऊस कोणी निरुपयोगी म्हणून संपवला असता, तर त्याचा काटकपणा आणायचा कोठून? आजही केरळात कण्णूरला उसाचे जुने-रानटी वाण मुद्दाम सांभाळून ठेवले आहेत.

मी हे सगळे मामांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "खरं हाय, उंच घोडा घाटात बिऱ्हाड नेणार न्हाई. पण साहेब, वाटच ऱ्हायली न्हाई. गायरान गेलं, बांधापतूर ऊस आला. पोरगं म्हणतंय टेंपो करू."

यावर मला बोलता येईना. बांधापर्यंत ऊस लावा म्हणून सांगणाऱ्यांत मीही होतोच.

प्रयोगशाळा जात ओळखून देईल. ती चालती ठेवणे मात्र वाड्यांच्या आणि आपल्या हाती आहे. म्हणून दोन विनंत्या. लागणीआधी रान मोकळे असेल तर मेंढ्या बसवा. आपल्याला खत, त्यांना मुक्काम. आणि वाड्यांच्या जुन्या पायवाटा नांगरून बंद करू नका.

आणखी एक. मामांनी घोडी अजून कोणाला दाखवलेली नाही. निरोप एवढाच आहे, "आपल्या जातीचा चांगला, पर नात्याबाहेरचा घोडा कुठं हाय, तेवढं बघा." आपल्या गावात एखाद्या वाड्यावर तसा घोडा दिसला, तर गट कार्यालयात जरूर कळवावे. पशुधन विकास अधिकाऱ्यांना सोबत घेऊन मी स्वतः येईन.

— ऊस विकास अधिकारी