सैनिकाचे मन आणि हातचे काम

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतील एखाद्या घराची कल्पना करावी. थोरला भाऊ यंत्रमागावर, धाकटा फौजेत. पंधरा-सतरा वर्षांची सेवा करून धाकटा परत येतो, तेव्हा त्याचे वय जेमतेम सदतीस-अडतीस असते. काही महिने बरे जातात. मग तो रात्र रात्र जागू लागतो. शेजारच्या कारखान्यातील मागांच्या खडखडाटात त्याला आपल्याविषयीचे संदेश ऐकू येऊ लागतात. वहिनीने पुढे ठेवलेला चहा तो न पिताच मोरीत ओततो. गंडेदोरे होतात, अंगारे होतात, आणि शेवटी रुग्णालयाची पायरी चढावी लागते. औषधे सुरू होतात व काही आठवड्यांत ते आवाज मंदावतात. आता तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून असतो. ऊठ म्हटले की उठतो, जेव म्हटले की जेवतो. भेटीस आलेली वहिनी सुटकेचा नि:श्वास टाकून म्हणते, "भाऊजी आता अगदी शांत झाले."

हे शांत होणे म्हणजे बरे होणे काय?

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असे आपण हसून म्हणतो. परंतु त्या म्हणीतला न्हावी निदान काहीतरी करीत असतो. खाटेवरच्या या मनुष्याला भिंतीला तुंबड्या लावण्याचीही इच्छा उरलेली नसते. त्याच्या आजारास वैद्यकात छिन्नमनस्कता असे नाव आहे, आणि या आजाराची दोन अंगे असतात. काही गोष्टी मनात नव्याने शिरतात: भास, संशय, कोणी पाठलाग करीत असल्याची खात्री. काही गोष्टी मनातून निघून जातात: उत्साह, गोडी, पुढाकार, चार माणसांत बसण्याची हौस. 1952 साली पॅरिस येथील डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांवर वापरले आणि तेव्हापासून शिरलेल्या गोष्टींना आवर घालण्याचे साधन हाती आले. निघून गेलेल्या गोष्टी मात्र गोळीने सहसा परत येत नाहीत. त्या परत आणण्याचे जे प्रयत्न होतात, त्यांपैकी एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे व्यवसायोपचार.

हा शब्द थोडा फसवा आहे. व्यवसाय म्हटले की आपल्यापुढे दुकान, धंदा आणि मिळकत उभी राहते, आणि सुरतेसारख्या व्यापारी शहरात तर ती आधी उभी राहते. येथे व्यवसाय म्हणजे मनुष्य दिवसभरात ज्या ज्या गोष्टींत गुंततो ते सर्व. दाढी करणे हा व्यवसाय, चहा करणे हा व्यवसाय, नातवंडाला शाळेत पोचविणे हाही व्यवसायच. आजाराने यांतील काय मोडले आणि ते कोणत्या क्रमाने पुन्हा बसविता येईल, हे पाहणे हे व्यवसायोपचारकाचे काम होय. केवळ वेळ जावा म्हणून रुग्णांकडून कागदाची फुले करून घेणे याला व्यवसायोपचार म्हणत नाहीत, जरी भेट देणाऱ्या पाहुण्यांना बहुधा तीच फुले दाखविली जातात.

रिकामपणा किती घातक असतो, याविषयी विंग आणि ब्राऊन या इंग्रज संशोधकांनी मोठे काम केले. इंग्लंडमधील तीन मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या छिन्नमनस्क स्त्रियांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला व 1970 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सुधारणेशी सर्वांत निकटचा संबंध आढळला तो एका साध्या गोष्टीचा: दिवसातील काहीही न करता जाणारा वेळ कमी होणे.

सैनिकांच्या बाबतीत ही गोष्ट पहिल्या महायुद्धातच काही डॉक्टरांच्या ध्यानी आली होती. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे 1916 साली मनाने खचलेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय उघडण्यात आले. तेथील बहुतेक रुग्ण तोफखान्याच्या माऱ्याने हादरलेले होते. त्यांचा आजार छिन्नमनस्कतेहून निराळा. तेथे आर्थर ब्रॉक नावाचे डॉक्टर होते. ग्रीक विद्येचा त्यांचा व्यासंग मोठा. जमिनीला पाय टेकले की ज्याचे बळ परत येई, त्या ग्रीक कथेतील अँटियसचा दाखला ते रुग्णांना देत आणि प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे भोवतालच्या जगातले एखादे काम शोधावयास लावीत. विल्फ्रेड ओवेन हा तरुण कवी 1917 साली त्यांच्या हाताखाली आला. त्याने रुग्णालयाचे मासिक संपादित केले आणि गावातल्या एका शाळेत मुलांना शिकविले. तो सावरला. सावरला म्हणून पुन्हा आघाडीवर गेला, आणि युद्ध थांबण्यास एकच आठवडा उरला असता, 4 नोव्हेंबर 1918 रोजी, मारला गेला. उपचार कोणासाठी करावयाचा, रुग्णासाठी की त्याला कामाला लावणाऱ्यासाठी, हा प्रश्न या विद्येच्या जन्मापासून तिच्या पाठीशी लागलेला आहे.

याच काळात, 1917 च्या मार्चमध्ये, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी काही मंडळींनी एकत्र येऊन व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी पहिली संस्था स्थापन केली. पुढच्याच महिन्यात अमेरिका युद्धात उतरली आणि या विद्येत तयार झालेल्या स्त्रिया लष्करी रुग्णालयांत जखमींच्या व मनोरुग्णांच्या उशाशी जाऊन बसल्या. भारतात अपंग झालेल्या जवानांना हातचा धंदा शिकविणारी, आज पुण्याजवळ खडकीस असलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्थादेखील 1917 मधलीच. पाय गेलेल्या जवानाला काम द्यावे हे लोकांना लवकर पटले; मन दुखावलेल्याचे दुखणे दिसत नसल्यामुळे ते पटण्यास वेळ लागला. मनोरुग्णांसाठी व्यवसायोपचाराचा विभाग आपल्याकडे रांचीस 1922 साली निघाला, परंतु ते रुग्णालय त्या वेळी केवळ युरोपियनांसाठी होते. या विद्येचे रीतसर शिक्षण आले ते मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, 1950 साली. ते आणणाऱ्या कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विवाहाने महाराष्ट्राच्या सूनबाई झाल्या आणि आयुष्यभर येथेच राबल्या. 1952 साली जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या पहिल्या दहा सभासद राष्ट्रांत भारत होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते.

आता पुन्हा त्या खाटेकडे वळू.

इतर रुग्णांहून माजी सैनिकाची एक अडचण निराळी असते. तो आज्ञा उत्तम पाळतो. पहाटे उठतो, चादरीला एक सुरकुती राहू देत नाही, रांगेत उभा राहतो. वॉर्डातील कर्मचाऱ्यांना असा रुग्ण आवडतो आणि 'प्रगती चांगली' असा शेरा पडतो. परंतु ही प्रगती नव्हे. ती शरीरात मुरलेली सवय आहे आणि मन झोपेत असतानाही ती चालू राहते. फौजेने त्याच्या दिवसाची प्रत्येक घटका दुसऱ्याने ठरवून दिली होती. रुग्णालयही तेच करते. घरी गेल्यावर मात्र कोणी बिगुल वाजवीत नाही. आज काय करावयाचे हे स्वत: ठरविण्याची शक्ती, जी फौजेत लागली नव्हती आणि आजाराने अधिकच खुंटली, तीच नेमकी तेथे लागते.

म्हणून जाणता व्यवसायोपचारक कवायत घेत नाही. तो आधी विचारतो, फौजेत तुम्ही काय करीत होता? प्रत्येक जवान केवळ बंदूकच चालवितो असे नाही. कोणी गाडी हाकतो, कोणी लंगरात रोट्या भाजतो, कोणी सुतार, कोणी बिनतारी यंत्रावर. मग तो विचारतो, त्यांतले पुन्हा करावेसे वाटते का? काहींना वाटते, काहींना त्या आठवणीही नकोशा होतात. हातांची व बुद्धीची पकड अजमावण्यासाठी एक सोपी कसोटी असते: कडेला छिद्रे पाडलेल्या चामड्याच्या तुकड्यातून नाडी ओवावयाची, प्रथम साधा टाका, मग वळसा घालून, मग त्याहून अवघड. ही रीत अमेरिकेतील क्लॉडिया ॲलन यांची. रुग्ण कोणत्या टाक्याशी अडतो, चूक स्वत: ओळखतो की दाखवावी लागते, यावरून त्याला सध्या कितपत अवघड काम झेपेल याचा अंदाज येतो.

यानंतर कामाची निवड. सुरतेत मनात प्रथम येईल ते विणकाम किंवा जरीकाम. परंतु आपल्या या जवानाला मागाच्या आवाजातच संदेश ऐकू येत होते. त्याला मागावर बसविणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे. जरीच्या बारीक तारेचेही तसेच. या औषधांनी काहींच्या बोटांना कंप सुटतो, अंगात ताठरपणा येतो. तार दहा वेळा निसटली की मनुष्य अधिकच निराश होतो. त्याला जाड सुताचा गोफ द्यावा, लाकूड घासावयास द्यावे. गोळ्यांची गुंगी सकाळी अधिक असेल तर काम दुपारनंतर ठेवावे. प्रथम दहा मिनिटे, मग वीस. कात्री, सुया, पटाशी मोजून द्याव्या आणि मोजून परत घ्याव्या. यात अविश्वास नाही, वॉर्डात सर्वांच्याच जिवाची काळजी घ्यावी लागते.

आणि एक गोष्ट अशी की ती बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. उपचारक दोन सुते पुढे ठेवतो, एक तांबडे, एक निळे, आणि विचारतो, "कोणते घेता?" उत्तर येते, "साहेब, आपण सांगाल ते." येथे उपचारकाने काहीच सांगावयाचे नसते. थांबावयाचे असते. एक मिनिट, दोन मिनिटे, कधी तो पूर्ण तास तसाच जातो. ज्या दिवशी तो हात पुढे करून निळे सूत उचलतो, त्या दिवसाची नोंद चादरीच्या घडीच्या नोंदीहून शंभरपट मोलाची. चहा करण्याच्या तासालाही हेच. साखर किती, हे त्याचे त्याने ठरवावयाचे. आणि चहा बिघडला तर तो त्यानेच पिऊन पाहावयाचा.

कामाची ही मालकी रुग्णाकडेच असावी हे म्हणणे केवळ भावनेचे नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांकडून बागा, घाणे आणि माग चालवून घेत आणि त्या उत्पन्नातून संस्थेचा खर्च भागवीत. नाव उपचाराचे, हिशेब तिजोरीचा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो 2018 च्या मे महिन्यात अमलात आला, याला स्पष्ट बांध घातला आहे. मनोरुग्णालयात कोणावरही कामाची सक्ती करता येत नाही, आणि काम केले तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागतो. संस्थेचा गणवेश अंगावर घालण्याची सक्तीही नाही. इच्छा असेल तर रुग्ण स्वत:चे कपडे घालू शकतो. ज्याने पंधरा वर्षे गणवेशात काढली, त्याच्या दृष्टीने आपला सदरा आपण निवडणे हासुद्धा उपचाराचाच भाग ठरतो.

निवडीचे महत्त्व रुग्णालयाबाहेरही दिसून आले आहे. अमेरिकेत युद्धाच्या आघाताने मानसिक विकार जडलेल्या 541 माजी सैनिकांवर बारा केंद्रांत एक तुलना करण्यात आली. 2018 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमीच्या रीतीने नेमून दिलेले तात्पुरते काम मिळाले. उरलेल्यांना त्यांच्या आवडीची खरी नोकरी शोधण्यास साहाय्य करण्यात आले आणि नोकरी लागल्यावरही पाठिंबा चालू ठेवण्यात आला. दीड वर्षात स्थिरपणे काम करणारे पहिल्या गटात शेकडा 23 निघाले, दुसऱ्या गटात सुमारे 39. त्यांचा आजार छिन्नमनस्कतेहून वेगळा होता आणि ते वॉर्डात दाखल नव्हते, हे ध्यानात ठेवावे. तरी नेमून दिलेले काम आणि निवडलेले काम यांतील अंतर त्यातून कळते.

सुरतेपुरते पाहिले, तर शहरात स्वतंत्र सरकारी मनोरुग्णालय नाही. गुजरातेत अशी चार आहेत: अहमदाबाद, वडोदरा, जामनगर आणि भूज, त्यांतील वडोदरा सुरतेस सर्वांत जवळ. सुरतेतच मजुरा गेटजवळच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे आणि आजाराच्या ऐन भरात तेथे जाता येते. 2017 च्या कायद्याप्रमाणे रुग्णाला घरी सोडताना पुढील उपचारांची आखणी त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून करावयाची असते. घरच्यांनी त्या बैठकीस जावे, आणि औषधांच्या वेळांबरोबरच वॉर्डात तो कोणते काम करीत होता, किती वेळ टिकत होता, कोठे अडत होता, हेही विचारून घ्यावे. माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना 2003 पासून चालू आहे. तिची कागदपत्रे व निवृत्तिवेतनाचे पुस्तक जवळ असू द्यावे.

थोरल्या भावाची घाई समजण्यासारखी असते. घरात एक धडधाकट पुरुष बसून आहे, यंत्रमागावर माणसे हवीच आहेत, उद्यापासून याला घेऊन जातो, असे तो म्हणतो. त्याने थोडे थांबावे. त्या कारखान्याच्या दाराशी प्रथम पाच मिनिटे उभे राहून पाहणे, मग रविवारी माग बंद असताना आत एक फेरी मारणे, एवढ्यावर कित्येक आठवडे जाऊ शकतात. आणि वॉर्डात लाकूड घासताना त्याचा हात बसला असेल, गल्लीच्या टोकाच्या सुताराकडे दिवसाकाठी दोन तास जातो असे तो आपण होऊन म्हणत असेल, तर मजुरी किती मिळेल हे विचारण्यापूर्वी त्याला जाऊ द्यावे.