साठ प्रॉब्लेम सुटले, प्रश्न राहिलाच

मंडळाच्या गणपतीची आरती झाली होती. प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढे एक वहिनी आणि त्यांचा अकरावीतला मुलगा. मी निवृत्त फिजिक्सवाला, तेव्हा विषय शाळेवर जाणारच. "सर, शाळेत आता म्हणे प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग आणणार. आमचा तर कोचिंगमध्ये रोज साठ प्रॉब्लेम करतो. आणखी काय बेस्ड करणार?" रांग हसली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. आता किमान विसाव्यांदा ऐकत होतो.

भिलाईत असा घोळ होणं समजण्यासारखं आहे. इथला पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला. पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. पुढे आयआयटीच्या तयारीचं वेड आलं आणि पोरांच्या दप्तरातही एक सोव्हिएत पाहुणा शिरला: मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं इरोडोव्हचं पुस्तक, सुमारे 1900 प्रॉब्लेम, उत्तरं मागच्या पानांवर. 2016 मध्ये तर भिलाईच्या नावाची आयआयटीच सुरू झाली. त्यामुळे इथे 'प्रॉब्लेम' म्हणजे गणित, आणि जास्त गणितं म्हणजे जास्त शिक्षण.

मी मुलालाच विचारलं, "आपल्या कारखान्यात 260 मीटरचं रुळाचं पॅनेल तयार होतं. थंडीत 10 अंश, मे महिन्यात 45. किती वाढेल?" प्रसादाची वाटी हातात पडायच्या आत उत्तर आलं: "10.9 सेंटिमीटर." बरोबर. लांबी, तापमानातला फरक, पोलादाचा प्रसरणांक. गुणाकार केला, संपलं.

"मग ते 11 सेंटिमीटर जातात कुठे? पूर्वी रुळांत फटी असायच्या, गाडी खडखडत जायची. आता फटी दिसत नाहीत, तरी मार्ग उन्हाळ्यात सरळच राहतो."

मुलगा गप्प. वहिनी म्हणाल्या, "हे सिलॅबसमध्ये आहे का?"

माझं म्हणणं या दोन प्रश्नांतल्या फरकात आहे. पहिला सराव आहे: धडा आधी शिकवलेला, माहिती मोजून दिलेली, उत्तर एकच. दुसरा समस्याधारित शिक्षणातला प्रश्न आहे. तो धड्याच्या आधी येतो. त्यात काय दिलंय, काय मिळवायचंय, हे कुणी लिहून देत नाही. तेच आधी शोधावं लागतं. हवेचं तापमान घ्यायचं की रुळाचं? उन्हात रूळ हवेपेक्षा बराच जास्त तापतो. रूळ कशानं धरलाय? ते वाचायचं, किंवा मार्गाची देखभाल करणाऱ्या गँगमनला विचारायचं.

शोधता शोधता कळतं, की रूळ क्लिपांनी स्लीपरला जखडलाय आणि स्लीपर खडीत रुतलेत. टोकांकडचा थोडा भाग सोडला तर मधल्या रुळाला हलायला जागाच नाही. लांबी वाढत नाही, दाब वाढतो. इथे मुलं अडतात, आणि इथेच शिक्षकानं खडू उचलून यंगचा गुणांक शिकवायचा. आता तो त्यांना हवा असतो. हिशेब केला की 35 अंशांसाठी एका रुळात 60 टनांहून जास्त दाब निघतो, आणि त्या सूत्रात लांबी येतच नाही! रूळ 260 मीटरचा असो वा दोन किलोमीटरचा, दाब तेवढाच. म्हणून रेल्वे रूळ मधल्या तापमानाला जखडते: उन्हाळ्यात थोडा दाब, हिवाळ्यात थोडा ताण. साठ गणितं करून हे हाती लागत नाही. पण गुणाकाराचा सराव नसेल तर हेही हाती लागत नाही, म्हणून कोचिंगवाल्यांनी लगेच रागावू नये.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

'यात शिक्षक नुसता बसून असतो.' उलट, त्याला जास्त तयारी लागते. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये मार्गदर्शनाविना शिकवण्यावर कडक टीका केली आणि समस्याधारित पद्धतीलाही त्यात ओढलं. पुढच्याच वर्षी मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं, की या पद्धतीत मार्गदर्शन भरपूर असतं. म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडावं, असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

'म्हणजे प्रोजेक्टच की.' आईनं रात्री बारा वाजता चिकटवलेला थर्माकोलचा ज्वालामुखी हा आईचा प्रोजेक्ट. इथे शोध मुलांनीच घ्यायचा.

'हे परदेशी फॅड आहे.' हे नाव आणि या पद्धतीची आजची रीत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतून आली, 1969 मध्ये. पण कामातून शिकवायची गोष्ट वर्ध्याच्या परिषदेत 1937 मध्येच झाली होती. 1972 मध्ये होशंगाबादच्या 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. भिलाई तेव्हा त्याच मध्य प्रदेशात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांचा विज्ञान आश्रम 1983 पासून आहे.

'बोर्डाला उपयोग नाही.' सीबीएसईच्या दहावीच्या पेपरात निम्मे गुण आता क्षमताधारित प्रश्नांना आहेत. पाठांतर तिथे अर्ध्या वाटेवर सोडतं.

'मग सगळंच असं शिकवा.' हा आमच्याच बाजूच्या उत्साही मंडळींचा गैरसमज. डोखी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 43 अभ्यास एकत्र तपासले. ज्ञान वापरण्यात या पद्धतीची मुलं सरस ठरली. माहितीच्या चाचणीत किंचित मागे, पण शिकलेलं जास्त दिवस लक्षात राहिलं. पाढे आणि मूलद्रव्यांच्या संज्ञा सरळ पाठच करायच्या असतात. सत्रात असे तीन-चार प्रश्न नीट झाले तरी पुष्कळ.

विसर्जनाच्या संध्याकाळी ढोलाच्या गोंगाटात तो मुलगा मला शोधत आला. "सर, खडी धरून ठेवते ना?" मी मान हलवली. तो तसाच उभा.

"पण मग वळणावर काय होत असेल? तिथे तर रूळ बाहेरच्या बाजूला ढकलला जाईल."

हे मी विचारलं नव्हतं.