जुन्या डिझेल जीपचं दुखणं



गटासाठी गाडी घ्यायची ठरलं की नवी काही परवडत नाही. मग कुणीतरी सांगतं, "अमक्याकडे जुनी फोर बाय फोर जीप आहे, डिझेलची, स्वस्तात देतोय." आंबा, सुपारी, सुकी मासळी घेऊन म्हसळ्यावरून माणगाव गाठायचं, पावसात वाडीपर्यंत चिखलातून जायचं, तर अशी गाडी आपल्या कामाची आहेच. पण जुनी गाडी म्हणजे दुखणं आलंच. ते दुखणं काय आहे हे मालकीण म्हणून आपल्याला सांगता आलं नाही, तर गटाची शिल्लक गॅरेजमध्ये कधी संपली ते कळतही नाही.

आपल्याकडे जुनी जीप म्हणजे बहुधा महिंद्राची. ही कंपनी १९४५ सालची, आणि गाड्यांची सुरुवात झाली ती मुंबईत विलीज जीप जोडण्यापासून. पुढे एमएम ५४० मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या रचनेचं डिझेल इंजिन आलं. २००० साली बोलेरो निघाली, तिच्यातही सुरुवातीला त्याच घराण्यातलं इंजिन होतं. या गाड्यांचं एक बरं आहे, इंजिन चालवायला त्यांत कॉम्प्युटर नाही. डिझेल टाकीतून नळीने निघतं, फिल्टरमधून गाळून पंपात जातं आणि पंप ते नोझलपर्यंत जोराने ढकलतो. सगळा रस्ता डोळ्यांनी दिसतो.

पेट्रोलच्या गाडीसारखी डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते, आणि तिच्यावर डिझेलचा बारीक फवारा उडाला की भडका होतो. थंड इंजिनात ही हवा पुरेशी तापत नाही, म्हणून हीटर प्लग असतात. सकाळी किल्ली फिरवल्यावर हीटरला थोडा वेळ द्यायचा आणि मगच सेल्फ मारायचा. म्हणजे गाडी सुरू व्हायला हवा, दाब आणि डिझेल या तीन गोष्टी लागतात. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, असं झालं तर आधी संशय डिझेलवर घ्यायचा.

आमच्या गटाच्या जीपचं सांगते. ऐन आंब्याच्या दिवसांत, पेट्या भरून झाल्यावर गाडी थोडी चालायची आणि बंद पडायची. एका गॅरेजवाल्याने न वाकताच सांगितलं, "पंप गेला, उतरवून शहरात पाठवावा लागेल." म्हणजे आठ दिवस गाडी उभी आणि पेट्यांतला आंबा पिकून वाया. आमच्यातल्या एका ताईने मात्र टाकीपासून नळीवर हात फिरवत पाहिलं. रबरी नळीला जोडाजवळ बारीक चीर होती. तिथून डिझेल बाहेर गळत नव्हतं, उलट हवा आत ओढली जात होती. यालाच गॅरेजमध्ये "एअर घेतली" म्हणतात. हातभर नळी आणि दोन क्लिपा बदलल्या, एअर काढली, आणि पेट्या त्याच दिवशी माणगावला पोचल्या.

एअर काढणं कठीण नाही, एकदा कुणाकडून तरी समोर करून घ्या. इंजिन बंद ठेवून फिल्टरवरचा छोटा स्क्रू थोडा सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फेसाळ, बुडबुड्यांचं डिझेल येतं. बुडबुडे थांबून सलग धार आली की पंप दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. खाली फडकं धरा, जवळ विडी-काडी नको. आणि इंजिन चालू असताना नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांची गळती बोटाने कधी चाचपू नका. तिथला दाब एवढा असतो की डिझेल कातडीत घुसतं. मग जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

दुसरं कारण पाणी. आपली हवा दमट. टाकी अर्धी रिकामी राहिली की आत दव धरतं, ते तळाशी साचतं. म्हणून पावसाळ्यात टाकी होईल तितकी भरलेली ठेवा. फिल्टरच्या खालच्या नळातून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. पाणी असेल तर खाली बसेल, डिझेल वर तरंगेल. मिस्त्रीला ती बाटलीच दाखवायची.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर झाडून बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर बहुतेक वेळा हीटरचं काम असतं. गाडी तापल्यावरही पांढरा राहिला, रेडिएटरचं पाणी कमी होतंय आणि ऑइलच्या झाकणाला आतून दुधासारखा फेस आहे, तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय. तेव्हा "एवढी फेरी मारू, मग बघू" असं अजिबात नको. तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकणही लगेच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. रेडिएटरमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी भरलं की आत क्षार बसतात. कूलंटचा खर्च त्या मानाने काहीच नाही.

गाडी घेताना मालकाला आधीच बजावा, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. तापवून ठेवलेली गाडी कुणाचीही लगेच सुरू होते. आणि वरच्या चकचकीत रंगापेक्षा खाली वाका. खाऱ्या वाऱ्यात इंजिनाआधी पत्रा आणि चासी सडते. पाट्यांचे जोड, बॉडीचे बोल्ट, चासीच्या आतल्या बाजू हातोडीने हलके ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पोपडा निघाला किंवा खालून नुकताच काळा रंग मारलेला दिसला, तर सावध व्हा. इंजिन दुरुस्त होतं, सडलेल्या चासीवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चासी नंबर वाचता येतो का आणि तो आरसी बुकाशी जुळतो का, हेही तिथेच बघा.

फोर बाय फोरचा लिव्हर टाकला म्हणजे चारही चाकं ओढतात, असं धरून चालू नका. बऱ्याच जुन्या जीपच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायची लॉक असतात. ती मोकळी राहिली तर लिव्हर टाकूनही पुढची चाकं नुसती घरंगळतात. घेताना चिखलात किंवा वाळूत चालवून बघा आणि एकीला बाहेर उभं करून पुढची चाकं खरंच ओढतात का ते बघायला सांगा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर बाय फोर नको, वळणावर गिअरांवर ताण येतो. पर्यटकांच्या गाड्या पुळणीत रुतल्या की आपल्याला हाक येतेच. दोर बंपरला नाही, चासीच्या हुकाला बांधायचा. आपण हौसेने गाडी पुळणीत घालू नये. हरिहरेश्वर, दिवेआगरला कासवं अंडी घालतात, आणि खारं पाणी गाडी खातं ते वेगळंच. गेलीच तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा. भरल्या ओढ्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो.

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनी वाढते, आपल्याला त्यासाठी पेणचं आरटीओ. पर्यावरण कर आणि नूतनीकरणाची फी किती ते तिथे विचारून मगच गाडीचा भाव ठरवा. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीची बातमी तुम्ही ऐकली असेल, ती दिल्ली आणि परिसरापुरती. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं किंवा माल नेता येत नाही. गटाचा विक्रीचा माल न्यायचा असेल तर तेही आरटीओत आणि विमा कंपनीत आधी स्पष्ट विचारून घ्या. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. गट नोंदलेला नसेल तर गाडी एखाद्या ताईच्या नावावर होते. अशा वेळी पैसे कुणाचे, दुरुस्ती कोण देणार, विकली तर वाटणी कशी, हा ठराव सगळ्यांच्या सह्यांनिशी इतिवृत्तात लिहा, आणि तो पैसे देण्याआधी.