गुरांना रोग लागू नये म्हणून रानडुकरे मारता येतात का? जाणून घ्या कायदा

पवनानगर : पवना धरणाच्या परिसरातील गुरे डोंगरउतारावर चरतात आणि त्याच रानात रानडुकरेही फिरतात. लाळ-खुरकूत हा रोग गाय-म्हैस, शेळी आणि रानडुक्कर या सर्वांना होऊ शकतो. मग गोठा वाचवण्यासाठी रानडुकरे मारणे हा उपाय आहे का?

परवानगी कधी मिळते?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार रानडुकरामुळे माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असेल, अथवा ते बरे न होणाऱ्या आजाराने ग्रस्त असेल, तर लेखी परवानगी मिळू शकते. गुरांना रोग लागेल या भीतीने कळप मारण्याची तरतूद या कलमात नाही. परवानगीविना शिकार हा गुन्हा आहे.

कायद्याचा भर कशावर?

गुरांच्या लसीकरणावर. कलम ३३-अ नुसार अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या गुरांना साथीच्या रोगांच्या लसी देण्याची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकांवर आहे.

ब्रिटनचा अनुभव काय?

गुरांचा क्षयरोग रोखण्यासाठी तिथे बिळात राहणारे बॅजर मारले गेले. १९९८ पासूनच्या सरकारी प्रयोगात सुमारे ११ हजार बॅजर मारल्यावर त्या पट्ट्यात रोग घटला. पण उरलेले बॅजर पांगले आणि आजूबाजूला रोग वाढला. तरीही २०१३ पासून इंग्लंडमध्ये दोन लाखांहून अधिक बॅजर मारण्यात आले. रोग कमी झाला, मात्र त्याचे श्रेय या मोहिमेचे की गुरांच्या कडक तपासणीचे, यावर वाद आहे. ही मोहीम टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा सरकारने २०२४ मध्ये केली.

याउलट बुळकांडी हा रोग गुरांच्या लसीकरणातून संपला. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. गुरांमधली साखळी तुटताच वन्यप्राण्यांमधूनही हा रोग नाहीसा झाला.

पशुपालकांनी काय करावे?

- लाळ-खुरकूतची मोफत सरकारी लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्या.
- आजारी जनावर वेगळे बांधा, चरायला सोडू नका.
- मेलेले जनावर रानात न टाकता खोल खड्ड्यात पुरा.
- लम्पी डास, माश्या आणि गोचिडांमुळे पसरतो. त्यासाठी गोठ्यात फवारणी करा.
- तोंडातून लाळ, खुरात जखमा किंवा अंगावर गाठी दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा.